केमोआधी स्पर्म फ्रीझिंग: लॅबला पाच स्टार, काउंटरला दोन

स्पर्म बँकिंगचे रिव्ह्यू शोधायला गेलं की सगळे टेस्ट ट्यूब बेबीवाल्या जोडप्यांचे मिळतात, पण केमो सुरू होणाऱ्या पोरांनी लिहिलेलं मराठीत मला काही सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला तेव्हा वय २६, लग्न नाही, घर वाळवा तालुक्यात आणि ट्रीटमेंट पुण्यात. केमोच्या आधी पुण्यातल्याच एका सेंटरला सॅम्पल ठेवले, ते अजूनही तिथंच आहेत. सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण पुढं त्यांच्याबद्दल थोडं वाकडंतिकडं पण लिहिलंय, आणि केमो घ्यायच्या डे-केअर वॉर्डातल्या बाकीच्या पोरांचं ऐकून कळलं की थोड्याफार फरकाने सगळीकडं असंच चालतं, मग एकालाच कशाला झोडपायचं.

पहिली तक्रार सेंटरची नाहीच, आधीची आहे. बायोप्सी आली, कॅन्सर अंगात कुठं कुठं आहे ते दाखवणारा पेट स्कॅन झाला, मोठ्या डॉक्टरांनी सोमवारपासून सुरू करू म्हणून सांगितलं, केस जातील, उलट्या होतील, पाणी उकळून प्या, गर्दीत जाऊ नका, सगळं व्यवस्थित समजावलं. मूलबाळ होण्याबद्दल एक शब्द नाही. संमतीपत्रात एक ओळ होती इंग्लिशमध्ये, यकृत-किडनी-हृदय यांच्या रांगेत शेवटी, ती कोण वाचतंय. पॅसेजमध्ये एका ज्युनियर डॉक्टरनं फाईल बघता बघता विचारलं, लग्न झालंय का रे, नाही ना, मग केमोच्या आधी स्पर्म ठेवून दे कुठंतरी, आणि तो गेला पुढच्या बेडकडं. बस, एवढंच काउन्सेलिंग. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं २००६ सालीच लिहून ठेवलंय की ट्रीटमेंट सुरू करायच्या आधी, जमेल तेवढ्या लवकर हा विषय पेशंटशी बोलायचा. आपल्याकडं तो त्या पोरानं चालता चालता काढला नसता तर मी सोमवारी जाऊन सरळ सुई लावून घेतली असती. डॉक्टरांचं पण मी समजू शकतो, ओपीडीत शंभर लोक बाहेर बसलेले, त्यांच्या डोक्यात पेशंट जगवायचा हेच पहिलं. पण दोन मिनिटं लागतात हो सांगायला.

आता हे केमो आणि शुक्राणूंचं नेमकं काय लफडं आहे ते मला सेंटरच्या एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे शुक्राणू-भ्रूणांची लॅब बघणाऱ्या मॅडमनी जितकं स्वच्छ सांगितलं तितकं आख्ख्या ट्रीटमेंटमध्ये कोणी सांगितलं नाही, पाच स्टारमधले तीन तर त्याचेच. केमोची बरीच औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना धरतात. कॅन्सरच्या पेशी तशा, केसांच्या मुळातल्या तशा, तोंडाच्या आतल्या तशा, आणि वृषणातल्या पण तशाच, कारण तिथं रोज कोट्यवधी शुक्राणू बनायचं काम चालू असतं. एक शुक्राणू मुळापासून तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यामुळं केमो सुरू झाल्याबरोबर काही दिसत नाही, आधी बनत आलेला माल बाहेर पडत राहतो, दोन-तीन महिन्यांनी काउंट खाली येतो आणि बऱ्याच जणांचा शून्यावर जातो. पुढं काय होणार हे ठरतं मूळ पेशींवर, ज्यांच्यापासून पुन्हा पुन्हा शुक्राणू बनतात त्या. त्या शाबूत राहिल्या तर काही महिन्यांनी किंवा एक-दोन वर्षांनी काम पुन्हा सुरू होतं. त्याच मेल्या तर कायमचं बंद.

टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्या जास्त चिवट, त्या बहुतेक वेळा टिकतात. म्हणून दाढी येते, आवाज तोच राहतो, इच्छा होते, संबंध ठेवता येतात, वीर्य पण येतं, फक्त त्यात शुक्राणू नसतात. हे मुद्दाम लिहितोय कारण गावाकडं केमो झाला म्हणजे गडी कामातनं गेला असा एक समज पक्का बसलेला आहे आणि त्या भीतीनं पोरं हा विषयच काढत नाहीत. आणि उलटं पण आहे, सगळं नॉर्मल चाललंय म्हणजे मूल होणारच असं धरून बसायचं. दोन्ही चूक. मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही.

सगळी औषधं सारखी नसतात ही दुसरी गोष्ट. सगळ्यात बेकार म्हणजे अल्किलेटिंग म्हणतात तो गट, त्यात सायक्लोफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन, क्लोरॅम्ब्युसिल, बुसल्फान, मेल्फलान ही मंडळी. हॉजकिनला पूर्वी मॉप नावाचं कॉम्बिनेशन द्यायचे, त्यात प्रोकार्बाझिन होतं, त्यानं पेशंट बरे व्हायचे पण दहातल्या आठ-नऊ पुरुषांचे शुक्राणू कायमचे जायचे. मग १९७०च्या दशकात इटलीत मिलानला बोनाडोना नावाच्या डॉक्टरांनी एबीव्हीडी नावाचं दुसरं कॉम्बिनेशन आणलं, जे मला मिळालं, त्यातलं पहिलं ते लाल सलाईन, ज्यानं लघवी पण लाल होते. एबीव्हीडीत काउंट पडतो, काहींचा शून्य पण होतो, पण बहुतेकांचा परत येतो.

आमच्या डे-केअरच्या रांगेत मग हाच उद्योग चालायचा, कोणाला काय चालू आहे आणि त्याचं काय होणार. शेजारच्या खुर्चीत एक कराडचा होता, त्याला आर-चॉप नावाचं कॉम्बिनेशन चालू होतं. त्यात सायक्लोफॉस्फमाइड दर सायकलला, म्हणजे केमोच्या दर फेरीला, शरीराच्या चौरस मीटरमागं ७५० मिलिग्रॅम, सहा सायकलचे ४५००. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणं एकूण डोस ४००० च्या आत असला तर धोका बराच कमी, ७५०० च्या वर गेला तर कायमचं बंद पडायची भीती मोठी, म्हणजे हा गडी मधेच लटकलेला. दुसऱ्या एकाला वृषणाचाच कॅन्सर, एक वृषण काढलेलं आणि बीईपी नावाचं कॉम्बिनेशन चालू, त्यात सिसप्लॅटिन. चौरस मीटरमागंच तीन सायकलला ३००, चारला ४०० मिलिग्रॅम असं धरतात आणि ४०० पर्यंत असेल तर साधारण निम्म्या लोकांचे शुक्राणू दोन वर्षांत परत दिसतात, पाच वर्षांत दहातल्या आठांचे. आणि ज्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं असतं, ज्यांना आधी बुसल्फान-मेल्फलानसारखं तगडं औषध देऊन सगळा बोन मॅरो साफ करतात, त्यांचे परत यायची आशा फार कमी.

हे वाचून एखादा म्हणेल, तुला एबीव्हीडी होतं ना, बहुतेकांचं परत येतं ना, मग कशाला घातले पैसे. हेच मला घरच्या एका शहाण्या नातेवाईकानं पण विचारलेलं. तर याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन सायकल झाल्या की परत पेट स्कॅन करतात. तो स्वच्छ आला तर ठीक, पुढं औषध कमी पण करतात. स्वच्छ नाही आला तर औषध वाढवतात, बीकॉप नावाचं देतात, आणि त्यात सायक्लोफॉस्फमाइड पण आहे, प्रोकार्बाझिन पण आहे. त्याच्याही पुढं गेलं तर ट्रान्सप्लांट. म्हणजे आज कुठलं औषध चालू होतंय एवढं बघून चालत नाही, ते लागू नाही पडलं तर पुढचं कुठलं येणार ते बघायचं. आणि तेव्हा म्हणाल की आता ठेवतो, तर उशीर झालेला असतो, कारण काउंट आधीच पडलेला आणि केमो चालू असतानाच्या शुक्राणूंचा डीएनए खराब असण्याची शक्यता, ते ठेवायला कोणी सहसा तयार होत नाही. जे काय करायचं ते पहिली सुई लागायच्या आधी.

आता सेंटरकडं येतो. फोनवर अपॉइंटमेंट लगेच मिळाली, कॅन्सर आहे, सोमवारी केमो आहे म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशीची वेळ दिली, हे चांगलं. पण आत गेल्यावर काउंटर. हॉल सगळा जोडप्यांनी भरलेला, भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो, कोपऱ्यात गणपती, टीव्हीवर कुठलीतरी सिरियल. काउंटरच्या बाई फॉर्म भरता भरता एवढ्या मोठ्यानं विचारतात, मिसेस कुठायत? म्हटलं, लग्न नाही झालं. मग कशासाठी आलाय? आख्खा हॉल बघतोय. मी चिठ्ठी पुढं केली तर ती वाचून त्यांचा आवाज एकदम मवाळ झाला, ते तर अजूनच नको वाटलं. सॉफ्टवेअरमध्ये बायकोचं नाव टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना, शेवटी त्यांनी तिथं एक डॉट टाकला. माझ्या पहिल्या पावतीवर अजून तो आहे. हे सगळं बदलायला काय लागतं? कॅन्सरवाल्यांना वेगळ्या दारानं घ्या किंवा निदान चिठ्ठीवर इशारा करून आत पाठवा. दोन स्टार दिले ते पण अपॉइंटमेंट लवकर दिली म्हणून.

बरोबर अण्णा होते, माझे वडील. त्यांना गाडीत कसं सांगायचं हे मला कळत नव्हतं, म्हणून फक्त एक टेस्ट आहे म्हटलेलं. आत मॅडमनी दोघांना बसवलं आणि सरळ सांगायला सुरुवात केली, केमोमुळं असं असं होऊ शकतं म्हणून आम्ही आधी सॅम्पल घेतो, उणे १९६ डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतो, कितीही वर्षांनी काढलं तरी चालतं. मी खाली बघत बसलेलो. अण्णा म्हणाले, म्हणजे आमच्या गाईच्या डॉक्टरकडं असती तसली टाकी का? मॅडम हसल्या, म्हणाल्या अगदी तीच. आमच्या गोठ्यात चार होल्स्टिन आहेत, डॉक्टर मोटरसायकलला मागं नायट्रोजनचा कॅन बांधून येतो, झाकण उघडलं की धूर, चिमट्यानं स्ट्रॉ काढतो, हे अण्णा आयुष्यभर बघत आलेले. त्यांनी पुढं विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा भारी होते, नायट्रोजन किती दिवसांनी भरता, टाकी गळली तर, लाईट गेली तर, स्ट्रॉवर नंबर कसा घालता, दुसऱ्याचा आमच्यात येणार नाही कशावरनं. मॅडमनी एकेकाचं नीट उत्तर दिलं आणि म्हणाल्या एवढं कोणी विचारत नाही. अण्णा म्हणाले, आम्ही वळूचं पण विचारतो की. मी मेलो तिथंच.

तसं इतिहासात पण हे असंच झालंय, आधी जनावरं मग माणसं. १९४९ साली इंग्लंडमध्ये ग्लिसरॉल घातलं तर शुक्राणू गोठवून परत जिवंत होतात हे कोंबड्याच्या वीर्यावर सापडलं, मग गाई-बैलांत आलं, आणि १९५३ साली अमेरिकेत गोठवलेल्या शुक्राणूंपासून माणसांतली पहिली गर्भधारणा नोंदली गेली. आपल्याकडं उरुळी कांचनला बायफ या संस्थेनं गाईंसाठी हेच तंत्र गावोगाव नेलं. म्हणजे पुणे जिल्ह्यात नायट्रोजनची टाकी ही काय नवलाची गोष्ट नाही, फक्त माणसांचा विषय आला की सगळ्यांची वाचा बसते.

कलेक्शन रूमबद्दल सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं म्हणून सांगतो. पहिल्या मजल्यावर जिन्याच्या बाजूला, शेजारी स्टोअर रूम, आत रेग्झिनचा सोफा, बेसिन, एक टीव्ही जो लागत नव्हता, आणि दाराची कडी अशी की ती बसलीये की नाही याची दोनदा खात्री करावी लागते. बाहेर कोणीतरी खोकी सरकवतंय. गळ्यात बायोप्सीचे टाके, रात्रीचा ताप, घाम, डोक्यात सोमवार, आणि अशात तुम्हाला सांगितलंय की या डबीत सॅम्पल आणा. होत नाही पटकन, कोणाचंच होत नाही, त्यात लाज वाटायचं काही नाही. घाई केली नाही त्यांनी, हे मात्र मान्य. घर किंवा लॉज अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असेल तर तिथंच घेऊन डबी शर्टाच्या आत अंगाला लावून, गरम ठेवून आणायला परवानगी देतात, एका तासाच्या आत लॅबला पोचलं पाहिजे. पुढच्या सॅम्पलला मी तेच केलं, रिक्षात डबी बनियनच्या आत धरून, सिग्नलला जीव वरखाली. तेल, साबण, थुंकी काही वापरायचं नाही, शुक्राणू मरतात. आधी दोन-तीन दिवस काही करायचं नाही हा नियम, पण केमो जवळ असेल तर एक दिवसाच्या अंतराने पण घेतात. सगळं डबीतच पडलं पाहिजे, थोडं सांडलं तर लाजून लपवू नका, सांगा, कारण रिपोर्ट त्यावर असतो.

लॅब मात्र एक नंबर. मी विनंती केली तर काचेबाहेरनं बघू दिलं. सॅम्पल पातळ व्हायला अर्धा तास ३७ डिग्रीला ठेवतात, मग एक थेंब मायक्रोस्कोपखाली. मॅडमनी स्क्रीनवर दाखवले, बारीक बारीक टाचणीएवढी डोकी आणि वळवळ, काही जागच्या जागी गोल फिरणारे, काही मेल्यासारखे. मग त्यात ते ग्लिसरॉल आणि अंड्याच्या बलकाचं पिवळसर मिश्रण थेंब थेंब घालतात, एकदम घातलं तर शुक्राणूंना झटका बसतो, मग छोट्या छोट्या व्हायलमध्ये भरतात, प्रत्येकीवर नंबर, आधी नायट्रोजनच्या वाफेत आणि मग खाली बुडवून. माझं नाव, नंबर, तारीख दोघांनी वेगवेगळं तपासलं आणि माझी सही घेतली. एक व्हायल लगेच परत वितळवून बघतात किती जगले ते. साधारण निम्म्यांची हालचाल जाते, हे सगळ्यांचंच होतं.

माझा रिपोर्ट काही ग्रेट नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणं मिलीला १६ दशलक्ष ही खालची मर्यादा, हालचाल ४२ टक्के. माझी संख्या ११, हालचाल ३०. मी घाबरलो. मॅडम म्हणाल्या हॉजकिनच्या पेशंटांत केमोच्या आधीच रिपोर्ट वाईट असणं खूप कॉमन आहे, आजारानं आणि तापानं, पण ठेवून द्या. कारण आता इक्सी आहे, बाईच्या एका बीजात एकच शुक्राणू सुईनं सोडतात, १९९२ साली ब्रुसेल्सला त्यानं झालेल्या पहिल्या गरोदरपणांचे निकाल छापून आले तेव्हापासून हा खेळच बदलला. पूर्वी कमी काउंटवाल्यांना परत पाठवायचे, आता थोडे हलणारे असले तरी पुरतात. सायकलवाला लान्स आर्मस्ट्राँग, त्याच्या डोपिंगचं काय व्हायचं ते झालं, पण १९९६ साली वृषणाच्या कॅन्सरच्या केमोआधी त्यानं सॅम्पल ठेवलेलं, पहिली तीन मुलं त्यातली, आणि पुढं २००९ मध्ये एक मूल काही न करता झालं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसात.

एका जागी मात्र थांबा आणि डोकं शांत ठेवून वाचा, ते म्हणजे संमतीचा फॉर्म. त्यात एक कॉलम असतो, तुमचा मृत्यू झाल्यास सॅम्पलचं काय करायचं. नष्ट करा, की बायकोला द्या, असे पर्याय. २६ व्या वर्षी, केमोच्या आदल्या आठवड्यात, उभ्या उभ्या काउंटरवर पेन देऊन हे टिक करायला सांगतात, हे मला अजिबात पटलं नाही. हा कॉलम नुसता नावाला नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं कॅन्सरनं गेलेल्या एका अविवाहित मुलाचं केमोआधी ठेवलेलं सॅम्पल त्याच्या आई-वडिलांना द्यायला सांगितलं. आणि २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टापुढं असंच एक प्रकरण आलं, तिथं मुलानं फॉर्मवर मृत्यूनंतर नष्ट करा असं लिहिलेलं, आईचं म्हणणं त्यानं घरी विचारलंच नव्हतं, तेव्हा कोर्टानं निकाल लागेपर्यंत सॅम्पल जपून ठेवा म्हणून सेंटरला सांगितलं. तुम्ही काय लिहायचं तो तुमचा प्रश्न, मी काय लिहिलं ते मी सांगणार नाही, पण फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून घ्या, ईमेलवर देतात. आणि सेंटर २०२१ च्या एआरटी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या कायद्याखाली रजिस्टर आहे का ते विचारा, नंबर भिंतीवर लावलेला असतो.

पैशाचं. माझे रजिस्ट्रेशन, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) या रक्ततपासण्या, फ्रीझिंग आणि पहिल्या वर्षाचं स्टोरेज धरून बारा हजारांच्या आसपास गेले, पुढं दर वर्षी पाच-सहा हजार. विम्यात बसलं नाही. आधी वाटलं महाग आहे, मग पहिल्या केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शनांची आणि पेट स्कॅनची बिलं बघितली आणि गप्प बसलो. रिन्युअलची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा, घरच्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर पण द्या, कारण तुम्ही आयसोलेशनमध्ये असताना त्यांचा फोन आला आणि उचलला नाही गेला तर पंचाईत. दोन वेगळ्या टाक्यांत अर्धे अर्धे ठेवाल का हे पण विचारा, माझे ठेवले, जास्त पैसे नाही घेतले. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला एका मोठ्या हॉस्पिटलची टाकी रात्रीत गरम झाली आणि हजारो बीजं आणि भ्रूण गेले, टाकीचा अलार्म बंद पडलेला. अण्णांचे टाकीवरचे प्रश्न उगाच नव्हते.

केमो संपल्यावरचं थोडं. चालू असताना आणि नंतर पण काही काळ कंडोम लागतोच, आता काउंट शून्य आहे मग कशाला असं नाही, तो केव्हा परत येईल सांगता येत नाही आणि सुरुवातीचे शुक्राणू खराब असू शकतात. किती थांबायचं ते ज्याचे त्याचे डॉक्टर सांगतात, मला निदान एक वर्ष सांगितलेलं. नंतर झालेल्या मुलांत केमोमुळं व्यंग येतं अशी भीती घरच्यांना असते, आत्तापर्यंतच्या मोठ्या अभ्यासांत तसं काही ठळक दिसलेलं नाही, हे मॅडमनी अण्णांना दोनदा सांगितलं. माझा संपल्यानंतरचा पहिला रिपोर्ट शून्य, वर्षभरानं पुन्हा केला तर दिसायला लागले, पहिल्यापेक्षा कमी पण आहेत. म्हणजे कदाचित त्या व्हायल लागणारच नाहीत. तरी रिन्युअल भरतो.

एक मात्र, जिमवाल्या पोरांसाठी. केमोनंतर अंगात ताकद राहत नाही, मग कोणीतरी ट्रेनर सांगतो टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे. बाहेरनं टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडनं वृषणाला येणारे सिग्नल बंद पडतात आणि उरलेसुरले शुक्राणू पण थांबतात. डॉक्टरला न विचारता घेऊ नका. चूर्णवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको, मेलेल्या मूळ पेशी कुठल्या पुडीनं उठत नाहीत.

ज्यांना आधी ठेवायला जमलंच नाही त्यांच्यासाठी पण सगळं संपलेलं नसतं, वृषणातनं मायक्रोस्कोपखाली बारीक शस्त्रक्रियेनं शुक्राणू शोधतात, केमो झालेल्यांत साधारण तिघांत एकाला सापडतात. खर्च आणि त्रास दोन्ही जास्त. वयात न आलेल्या लहान मुलांचं मात्र अवघड आहे, त्यांच्यात अजून शुक्राणूच नसतात, वृषणाचा तुकडा गोठवून ठेवतात पण ते अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, त्यांच्या आई-बापांनी मोठ्या सेंटरलाच विचारावं.

लग्नाच्या बाबतीत, स्थळ बघताना सांगायचं का, हा प्रश्न मला इनबॉक्समध्ये बरेच जण विचारतात. मी सांगतो. कॅन्सर पण सांगतो, हे पण. दोन ठिकाणी त्यावरनं नकार आला, एका ठिकाणी मुलीनंच सेंटरचा रिपोर्ट मागून वाचला आणि इक्सीबद्दल मला माहीत नव्हतं ते तिनंच सांगितलं, ती फार्मसी शिकलेली. ते बोलणं सध्या चालू आहे.

बाहेरगावच्यांसाठी: ऑन्कोलॉजिस्टची चिठ्ठी, आधार, बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जा. रविवारी फ्रीझिंग करत नाहीत, शनिवारी दुपारी बारानंतर सॅम्पल घेत नाहीत, त्यामुळं सोमवारची केमो असेल तर गुरुवारीच पोचा. डॉक्टरांना विचारलंत तर चार-पाच दिवस पुढं ढकलायला बऱ्याच जणांच्या केसमध्ये ते हो म्हणतात, माझ्या केसमध्ये म्हणाले. पार्किंग नाही.